रांगतं बाळ आणि आपली घरं: तुम्ही नेमकं काय काय बदललंत?

पिंपळपान

लेक रांगायला लागली. रांगणं कसलं, पोटावर सरपटत सुसाट सुटते. परवापर्यंत दुपट्यावर ठेवली की तिथेच सापडायची, आता तव्यावरची पोळी उलटेपर्यंत सोफ्याखाली पोचलेली असते.

नेटवर शोधलं तर टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचं रबर आणि प्लगची झाकणं यापुढे कुणी जात नाही. आमच्याकडे टोकदार कोपऱ्यांचं टेबलच नाही. जे आहे ते असं: सासूबाई भाजी विळीवर चिरतात, तीही खाली बसून. देवघर चौरंगावर, म्हणजे समई, काडेपेटी, कापराची डबी सगळं बाईसाहेबांच्या उंचीला. पाणी सकाळी थोडा वेळच येतं, त्यामुळे बाथरूममध्ये एक पिंप आणि दोन बादल्या कायम भरलेल्या. सातवा मजला, बाल्कनीला आडव्या पट्ट्यांचं रेलिंग. थंडीत सांगलीला सासरी गेलो की तिथे पाणी तापवायचा बंब आणि बिनकठड्याचा गच्चीचा जिना.

'लक्ष ठेवायचं गं' हे उत्तर कृपया नको. ते आईपासून वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांनी देऊन झालंय. कुकरची शिट्टी, दारावरची बेल आणि फोन एकदम वाजतात तेव्हाचं विचारतेय. लक्ष नसलं तरी काही होऊ नये म्हणून घरात काय हलवलंत, काय बंद केलंत?

चकली_आणि_चहा

आधी घरातल्या सगळ्यात लवचिक माणसाला गुडघ्यावर घरभर फिरव. आमच्याकडे दिराला फिरवला होता. सोफ्याखाली टिकल्या, स्टेपलरच्या पिना, एक सेफ्टी पिन आणि कानातल्याची फिरकी निघाली. टिकली फार वाईट, टाळूला नाहीतर घशात चिकटून बसते आणि बाळ नुसतं उबळी देत राहतं. डासांच्या लिक्विडचं मशीन पलंगाजवळच्या खालच्या प्लगात होतं. ते तिथे का, तर वाकायला नको म्हणून खास तिथेच पॉइंट काढून घेतलेला!

विळीचं सांगते. सासूबाईंचे गुडघे गेलेत, ओट्याशी उभं राहून त्यांना चिरता येत नाही, आणि विळी सोडा म्हणणं मला शोभलंही नसतं. मग सुताराकडून स्वयंपाकघराच्या चौकटीला प्लायचं अर्धं दार करून घेतलं, कमरेएवढं, कडी बाहेरून वरच्या बाजूला. आत विळी, कुकर, तेल, सगळं चालू. मूल बाहेरून दाराला धरून उभं राहून गप्पा मारतं. विकतचं गेट आमच्या जुन्या चौकटीला बसतच नव्हतं. विळी मात्र काम झालं की पातं मिटवून लगेच ओट्यावर, 'पुन्हा लागणार आहे' म्हणून भिंतीला टेकवून ठेवायची नाही.

भाऊचा_धक्का

आम्ही पाच भावंडं चाळीत वाढलो. स्टोव्ह जमिनीवर, विळी जमिनीवर, मोरी उघडी. गेटही नव्हतं आणि प्लगची झाकणंही नव्हती. काही झालं नाही. आताच्या पालकांना मूल म्हणजे काचेचं भांडं वाटतं. जरा पडू द्या, लागू द्या. (हलके घ्या.)

डॉ_कंदील

भाऊ, हलकेच घेतोय. पडू द्या, लागू द्या याला माझा विरोध नाही. खरचटलेले गुडघे, कपाळावरचं टेंगूळ, दारात चेमटलेलं बोट यांनी बालपण बिघडत नाही. पण लहान मुलांच्या वॉर्डात रात्रपाळ्या करून माझी जी यादी तयार झाली आहे त्यात टेंगूळ नाही. जिथे दुसरी संधी मिळत नाही तेवढंच लिहितो.

पाणी. पिंपळपान, तुमच्या वर्णनातली मला सर्वांत भीतीदायक वाटलेली गोष्ट विळीही नाही आणि समईही नाही, भरलेली बादली आहे. धरून उभं राहायला लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकून बघतं, तोल पुढे जातो, डोकं खाली आणि पाय वर. बादली जड असल्यानं कलंडत नाही आणि मुलाच्या हातांत स्वतःला वर उचलायची ताकद नसते. दोन इंच पाणी पुरतं. आणि आवाज येत नाही. सिनेमात बुडणारा माणूस हात मारतो, ओरडतो. इथे तसं काहीच होत नाही. त्यामुळे 'काही झालं तर ऐकू येईलच' हा हिशेब पाण्याला लागू नाही.

पाणी साठवावं लागतं हे मान्य. मग बाथरूमचं दार बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला कडी लावून बंद. ही कडी पाहुणे हमखास विसरतात, म्हणून पिंपाला घट्ट झाकण आणि बादल्या उंच ओट्यावर किंवा झाकून. वापरून झालेली बादली पालथी.

श्वासनलिका. शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाची बी, चिकूची बी (तिला टोकाला आकडा असतो). मूल खात खात पळतं किंवा हसतं, जोराचा ठसका लागतो, चेहरा लालनिळा होतो, मग खोकून खोकून शांत होतं. घरच्यांना वाटतं, गेला दाणा पोटात. तो गेलेला असतो फुप्फुसाच्या नळीत, बहुतेकदा उजव्या, कारण ती जास्त रुंद आणि सरळ आहे. आता खोकला कमी होतो, आणि मग 'कफ झालाय', 'न्युमोनिया झालाय' म्हणून आठवडेच्या आठवडे औषधं आणि वाफारे चालतात. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही. शेवटी भूल देऊन दुर्बिणीनं काढावा लागतो. एकदम लागलेला तो ठसका डॉक्टरांना आठवणीनं सांगा, ते एक वाक्य निदानाला पुरतं. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नाही. कूट खुशाल द्या.

घास अडकला आणि मूल खोकतंय, रडतंय, तोवर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब, पुन्हा थापा. वर्षावरच्याला पाठीवर पाच आणि मागून मिठी मारून पोटावर आत-वर पाच झटके. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून हाताला येत नाही. शिकवणारे वर्ग असतात, आजी-आजोबांना आणि सांभाळणाऱ्या मावशींनाही घेऊन जा.

पोटात गेलेलं दुसऱ्या पोस्टीत लिहितो, राउंडला जायचंय.

माई_लिहितात

भाऊ, माझ्या सासूबाईंना नऊ झाली आणि सहा जगली. गेलेल्या तिघांतला एक आजारानं गेला नव्हता, वाड्यातल्या हौदात गेला होता. घरात तो विषय कुणी काढत नसे. त्यामुळे पुढच्या पिढीला वाटत राहिलं की तेव्हा काही होतच नव्हतं. चाळीत तुम्हाला काही झालं नाही ही देवाची कृपा, आणि खाली-वर डोळे ठेवणाऱ्या शेजारणींची.

आता सुनांसाठी लिहिते. घरात माणसं कमी असतात तेव्हा आई सावध असते. गणपतीत, बारशाला, घर भरलेलं असतं तेव्हा मूल नेमकं सुटतं, कारण प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्याकडे आहे. आमच्याकडे एक रीत केली. मूल ज्याच्यापाशी आहे त्यानं उठताना नाव घेऊन सोपवायचं, 'वन्सं, ही तुमच्याकडे.' वन्संनी 'हो, माझ्याकडे' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. पहिल्या दिवशी पुरुषमंडळी हसली. नंतर तीच आपसात 'घेतली रे' म्हणू लागली.

आणि आमच्या गोळ्या. माझ्या बीपीच्या, ह्यांच्या साखरेच्या. सात खणांची डबी, सोमवार ते रविवार, नखानं उघडते, आणि ती कायम उशाशी. वर आपणच मुलांना औषध देताना 'हा बघ खाऊ' म्हणतो. ते बंद करा. औषधाला औषधच म्हणावं. डबी मी आता देवघराच्या वरच्या फळीवर ठेवते. चष्मा लावून उठावं लागतं, पण पूजा रोज होतेच, तेव्हाच गोळी.

डॉ_कंदील

माई, साष्टांग. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की चिमुकल्यानं एक गिळली तरी त्याची साखर धोकादायक खाली येते, तीही काही तासांनी. त्यामुळे 'खेळतंय की छान' म्हणून घरी थांबायचं नाही. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. आणि बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या! लाल, चकचकीत, वरून साखरेचा थर. मुलांना त्या चॉकलेटच्याच वाटतात. जास्त गेल्या तर जिवावर बेततं.

फिनेल, ॲसिड, थिनर, तारपीन, रॉकेल यांत एक गोष्ट समान आहे: दारावर येणारा फिनेलवाला कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून देतो आणि आपण ती तशीच ठेवतो. मुलाला बाटली ओळखू येते, आतलं नाही. यातलं काहीही गेलं तर उलटी करवू नका. मीठ-पाणी नाही, बोट नाही, लिंबू नाही. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं, रॉकेल-थिनर फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घेऊन सरळ हॉस्पिटल. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास, १८०० ११६ ११७. फ्रिजवर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेला १०८.

कापूर आणि डांबरगोळ्या: कापूर थोडासा गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. देवघरातली डबी वर.

बटन सेल हा नवा शत्रू. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी आणि दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्या! त्या पणत्यांचं खालचं झाकण नखानं निघतं. वीस मिलिमीटरचा चपटा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. तिथल्या ओलाव्यानं त्यातून वीज वाहते, भोवती तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांत भोक पडण्याइतकं भाजू शकतं. सेल 'डाऊन' झालेला असला तरीही. लक्षणं फसवी: लाळ गळते, खात नाही, कुरकुर करतं. शंका आली तरी एक्स-रे. मूल वर्षावरचं असेल, गिळून बारा तासांहून कमी वेळ झाला असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर हॉस्पिटलच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधानं भाजणं मंदावतं, सेल निघत नाही, त्यामुळे मध शोधायला थांबू नका. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे अमेरिकेत २०२२ मध्ये बटन सेलसाठी कायदाच झाला, सेलचा कप्पा स्क्रूनं किंवा तशाच पद्धतीनं बंद हवा. त्याच वर्षी कपाटं-ड्रॉवर मुलांच्या अंगावर कलंडू नयेत म्हणूनही कायदा आला. मूल खणांची पायरी करून चढतं आणि आख्खं कपाट पुढे येतं. भिंतीला पट्टीनं जखडायचं, दोन स्क्रूचं काम. टीव्हीचंही तसंच.

पण कायद्याबाहेरची आमची गोष्ट माईंच्या पोस्टीतलीच. इथे औषधाच्या बाटल्यांना दाबून फिरवायची झाकणं असतात. सासूबाई-सासरे सहा महिन्यांसाठी येतात ते गोळ्यांच्या पट्ट्या आणि स्टीलची डबी घेऊन, आणि उघडी बॅग पलंगाखाली. इथल्या विष माहिती केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२, आल्याबरोबर त्यांच्या फोनमध्ये भरून देते. बॅग कपाटात वर. कुणाला वाईट वाटलेलं नाही, 'तिकडचे नियम' म्हटलं की सगळं चालतं. :)

वायरमन

विजेवर कुणीच बोललं नाही म्हणून आलो. प्लगची प्लास्टिक झाकणं विकत घेण्याआधी आपल्या डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत, काय आहे ते बघा. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. तीस मिलिअँपिअरचा हवा. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबायचं, खटकन पडला पाहिजे. पडला नाही तर तो शोभेचा आहे. जुन्या बिल्डिंगांत तो नसतोच, आणि अर्थिंगची वायर कित्येकदा नुसती खोचलेली असते. सॉकेट बदलायचेच असतील तर आतून शटर असलेले घ्या, प्लगच्या पिना एकत्र गेल्याशिवाय उघडत नाहीत.

पाणी तापवायचा रॉड. मूल असलेल्या घरात नकोच. बादलीतलं पाणी बघून आत करंट आहे की नाही ते कळत नाही, मूल हात घालतं. पैशांमुळे पर्याय नसेल तर बंद दाराआड, आणि बटण बंद नव्हे, पिनच काढून मग पाण्याला हात.

गीझरचा काटा पन्नासवर आणा. साठ अंशांच्या पाण्यानं पाच सेकंदांत खोल भाजतं, मुलाची कातडी पातळ म्हणून त्याहून लवकर. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम घरात सगळ्यांनी पाळायचा.

आणि गॅस गीझर बाथरूमच्या आत लावू नका. बंद जागेत ज्योत ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही. माणूस खाली बसतो आणि उठत नाही. बाहेर, मोकळ्या हवेत लावून पाइप आत न्या. प्लंबर 'खिडकी आहे ना' म्हणेल, त्याचं ऐकू नका.

चार्जर चालू ठेवून लोंबती वायर: मुलं टोक तोंडात घालतात. स्वस्तातल्या चार्जरवर माझा काडीचा विश्वास नाही.

शेतावरची

सगळे शहरातले दिसताय. आमचं घर मळ्यात. आमच्याकडे बाथरूमच्या बादलीपेक्षा शेततळ्याची भीती. तळाला पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. मोठा माणूस आत गेला तरी चढता येत नाही, मुलाचं काय? तारेचं कुंपण आणि कुलूप केलंच, शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि टायरच्या ट्यूबा आत सोडून ठेवल्यात, वरून खुंटीला बांधून. कुंपणाला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी निदान दोर तरी सोडा.

फवारणीची औषधं घरात आणतच नाही, पंपाच्या खोलीत कुलपात. उंदराच्या औषधाचं मात्र शहरवाल्यांनीही ऐका. ट्यूबमधली पेस्ट पोळीच्या तुकड्याला लावून कोपऱ्यात ठेवतात ती. पिवळा फॉस्फरस असतो त्यात. मुलानं खाल्ली तर दिवसभर उलट्या होतात, मग बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात, आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ होऊन यकृत जातं. आम्ही पिंजराच लावतो.

पावसाळ्यात मुलं जमिनीवर झोपवत नाही. मण्यार रात्री फिरते, चावलेलं कळतही नाही, वळ दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळतं, मांत्रिकाकडे वाटेत थांबायचं नाही.

कोकणी_फणस

शेतावरची, +१. आमच्याकडे विंचू. लाल विंचू मुलांना फार वाईट, विषाचा मारा हृदयावर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपाय दाखवला तेव्हापासून कितीतरी मुलं वाचली (त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, उशिराच). पण गोळी वेळेवर मिळायला हवी. दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार, म्हणजे ताबडतोब हॉस्पिटल. दुखत नाही म्हणून बसायचं नाही. लाकूडफाटा आणि कौलांचा ढीग भिंतीपासून लांब, चपला झटकून, खुंटीवरचे कपडे झटकून. मुलाला झबलं घालतानासुद्धा.

गच्चीवरून

घरं बांधणं हा धंदा आहे. पिंपळपान, तुमच्या रेलिंगच्या आडव्या पट्ट्या म्हणजे शिडी आहे. बिल्डरांना दिसायला आवडतात म्हणून लावतात. उभे गज हवेत आणि मधली फट चार इंचांहून कमी, डोकं जाऊ नये इतकी. आता बदलणं शक्य नसेल तर आतून पॉलीकार्बोनेटचा (कडक प्लास्टिकचा) पत्रा लावून पट्ट्या झाका, पाय ठेवायला जागा उरता कामा नये. त्याहून महत्त्वाचं: बाल्कनीत खुर्ची, कुंडी, वॉशिंग मशीन, रद्दीचा गठ्ठा काहीही कठड्याला लागून नको. खिडकीला लागून पलंग नको.

कबुतरांची जाळी ही मुलांची जाळी नव्हे. ती कबुतराला अडवते, मुलाचं वजन पेलायला बनवलेली नसते. ग्रिल लावाल तर त्यात उघडणारी झडप ठेवा, चावी आतल्या बाजूला ठरलेल्या खिळ्यावर. मुंबईत पिंजऱ्यासारखी बंद ग्रिलं लावून आगीच्या वेळी लोक आतच अडकतात.

सांगलीच्या जिन्याला वर आणि खाली दोन्हीकडे फाटक. फक्त वर लावलं तर ती खालून चढेल. आणि वॉकर आणू नका.

भाऊचा_धक्का

आता वॉकरनं काय केलं? नातवाला मीच आणून दिला!

डॉ_कंदील

वॉकरमधलं मूल सेकंदाला तीनेक फूट जातं, तुम्ही खुर्चीतून उठेपर्यंत जिन्यापाशी. शिवाय उंची वाढते, म्हणजे टेबलावरचा चहा हाताला. चालायला लवकर येतं हाही गैरसमजच. कॅनडानं २००४ मध्ये विक्रीवरच बंदी घातली.

चहावरून आठवलं. मूल मांडीवर असताना चहा नाही. ओतल्यावर पंधरा मिनिटांनीही त्यानं भाजू शकतं. जेवताना वरणाचं पातेलं पानांच्या मधोमध जमिनीवर नको. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. वीस मिनिटं फार लांब वाटतात, लोक दोन मिनिटांत टूथपेस्ट, हळद, शाई शोधायला पळतात. त्यातलं काही नको, बर्फही नको. कपडे काढा (चिकटले असतील तेवढे सोडून), आणि वाळे, बांगड्या, करगोटा लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळा.

गळ्यातला काळा दोरा आणि ताईत यांवर वाद घालत नाही, एवढंच सांगतो की हातात किंवा पायात बांधा. झोपेत गळ्याभोवती काहीही नको. साडीच्या झोळीत तान्हं झोपतं, पण तीच झोळी रिकामी लोंबत राहिली तर मोठी भावंडं त्यात गोल गोल फिरतात आणि पीळ गळ्याला बसतो. बाळ उठलं की झोळी वर बांधून टाका.

पिंपळपान

किती लिहिलंत सगळ्यांनी! आज बादल्या बाथरूमच्या ओट्यावर गेल्या, वरची कडी बसली. बीपीच्या गोळ्यांबद्दल सासऱ्यांना माईंची पोस्ट वाचून दाखवली, मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. कापूर, काडेपेटी फळीवर. समई लावली की सासूबाई समोरून हलत नाहीत, आणि उठताना ती वर ठेवतात. बंबाचं सांगलीला कळवलंय, परसदाराला कडी लागतेय.

आता नवा प्रश्न. संक्रांतीनंतर बोरन्हाण आहे! डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे तुकडे, शेंगा, हलवा, गोळ्या, आणि भोवती दोन-तीन वर्षांची दहा-बारा पोरं जमिनीवरून वेचून तोंडात घालणार. डॉक्टरांची पोस्ट वाचून मला घाम फुटलाय.

भाऊचा_धक्का

घ्या! आता बोरन्हाणही बंद करा. मग मंगळागौरीत फुगड्या बंद, पाय मुरगळतो म्हणून.

माई_लिहितात

बंद कशाला? आमच्या धाकट्या नातीचं केलं की. चुरमुरे भरपूर, त्यानंच न्हाऊ घालायचं, दिसतंही छान. त्यात मोठी बिस्किटं, राजगिऱ्याच्या वड्या, कागदात गुंडाळलेले मोठे, तोंडात न मावणारे रबरी चेंडू. मोठी बोरं, ऊस, शेंगा, हरभरे ताटात ठेवून ओवाळले, आणि घरी जाताना आयांच्या हातात पिशवीत दिले. काटेरी हलव्याचे दागिने फोटोपुरते घातले, तिनं मुकुटाचा दाणा चाटायला घ्यायच्या आत उतरवले. रीत राहिली. भाऊ, तुम्ही फुगडी घालत असाल तर मात्र जपूनच.

चकली_आणि_चहा

माई, लोळले! :D

आणि झाडू आधी काढून ठेव. बोरन्हाण संपलं की पाच मिनिटं सगळ्या पोरांना दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि हॉल झाडून घ्यायचा. आमच्याकडे शेंगदाणा सतरंजीच्या घडीत निघाला होता, दुसऱ्या आठवड्यात.

भाऊचा_धक्का

मुरगळलेला पाय आहेच, माई, म्हणून तर बसून लिहितोय.

बरं, चाळीतली एक युक्ती सांगतो, फुकटची. वाऱ्यानं दार आपटून बोटं चेमटतात, तर दाराच्या वरच्या कडेवरून जाडा टॉवेल घडी करून टाकायचा. दार बंदच होत नाही. बिजागरीच्या फटीकडेही बघा, तिथे जास्त लागतं. वॉकरचं नातवाच्या आईशी बोलतो.

पिंपळपान

टॉवेलची युक्ती आत्ताच केली, भाऊकाका.

गच्चीवरून, एक अडचण. फ्लॅट भाड्याचा आहे. घरमालक म्हणतात भिंतीला आणि रेलिंगला ड्रिल मारायचं नाही. कपाट जखडायचं कसं आणि पत्रा लावायचा कसा?

गच्चीवरून

पत्र्याला ड्रिल लागत नाही. पत्र्याला भोकं पाडायची, रेलिंगच्या पट्ट्यांना नाही, आणि जाड केबल टायनं आवळायचा, हातभर अंतरावर एक. उन्हानं टाय ठिसूळ होतात, दर पावसाळ्याआधी बदला. टायची शेपटं बाहेरच्या बाजूला ठेवून कापा, नाहीतर हात कापतात. पत्रा वरच्या पट्टीपर्यंत पूर्ण न्या, मधे थांबवलात तर तीच पायरी होईल. तरीही बाल्कनीच्या दाराला वर कडी हवीच, पत्र्यावर विसंबून तिला एकटं सोडू नका.

कपाटाला मात्र दोन स्क्रू लागणारच. घरमालकांना लेखी कळवा की सोडताना पुट्टी भरून रंग देऊ. बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर कपाट रिकामं करून आडवं ठेवा किंवा कुलूपबंद खोलीत हलवा. खालचे खण जड आणि वरचे हलके, खणांना कुलूप, वर टीव्ही नाही, एवढं तर आजच करता येईल.

चकली_आणि_चहा

पिंपळपान, ठाण्यात असशील तर अर्ध्या दारासाठी आमच्या सुताराचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करते. कडी वर लावायला त्याला दोनदा सांगावं लागतं.